एकोणऐंशी

कानाझावात आमच्या गल्लीला घड्याळ लागत नसे.
सकाळी आठला हातोड्याचं यंत्र सुरू होई
आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट थरथरत राही
दुपारच्या भातापर्यंत.
बाबा सोन्याचा वर्ख करायचे.
कान केव्हाच गेले होते त्यांचे.
त्यांच्याशी बोलायचं ते ओठांनी,
नाहीतर तळहातावर बोटाने लिहून.

आठवीत मी अणूची आकृती काढली:
मधे लाल ठिपका, भोवती कड्या,
कड्यांवर मणी ओवावेत तसे इलेक्ट्रॉन.
मोरिवाकी बाईंनी फुली मारली नाही.
म्हणाल्या, "शिझुए, कड्या पूस. पण पुरत्या नको.
खोडून जो डाग उरेल ना कागदावर,
तो खऱ्याच्या जास्त जवळचा."

मग वर्गच उठवून मैदानात नेला.
घोट्याएवढा बर्फ.
पाइनच्या फांद्या मोडू नयेत म्हणून
शेंड्यापासून ताणून बांधलेल्या दोऱ्या.
मैदानाच्या मधोमध बाईंनी
अझुकीचा एक दाणा ठेवला.
"हे सोन्याचं केंद्रक.
आत एकोणऐंशी प्रोटॉन, एकशे अठरा न्यूट्रॉन,
दाटीवाटीने.
जवळजवळ सगळं वजन इथंच.
आता चला, अणूच्या वेशीपर्यंत."

चाललो. मोजे भिजले.
पन्नास मीटरवर कुंपण लागलं.
"इथून दाण्यापर्यंतच्या या सगळ्या जागेत
एकोणऐंशी इलेक्ट्रॉन.
नक्की कुठे, ते विचारू नका."
"आणि मधल्या जागेत?" ताकेहिकोने विचारलं.
"दुसरं काही नाही. हवासुद्धा नाही."
मागे वळून पाहिलं तर दाणा दिसेना.
केंद्रक कावळ्याने खाल्लं असावं.

संध्याकाळी बाबांच्या तळहातावर लिहिलं:
सोनं पोकळ असतं.
ते आधी हसले.
मग म्हणाले, कान गेलेली माणसं बोलतात तसे, मोठ्याने,
"एकतीस वर्षं मी पोकळी कुटतोय?"
बांबूच्या चिमट्याने एक वर्ख उचलला.
घरातल्या सगळ्यांनी श्वास धरला
(आमच्याकडे शिंक म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी).
वर्ख दिव्यासमोर धरला.
सोन्यातून दिवा हिरवा दिसला.
"उजेड जातो आरपार, हे मला माहीत आहे," म्हणाले.
"हातोडा का जात नाही? विचार तुझ्या बाईंना."

विचारलं.
बाई खडू हातात घेऊन जरा वेळ उभ्याच राहिल्या.
"हातोड्याच्या वेशीवर इलेक्ट्रॉन,
सोन्याच्याही वेशीवर इलेक्ट्रॉन.
दोघेही ऋण.
ऋणाला ऋण दारातच अडवतं.
याहून खोल कारण आहे, शिझुए,
पण ते मलाही धड येत नाही."

मग स्वतःहूनच पुढे सांगितलं.
एका वर्खाच्या जाडीत
साधारण चारशे अणूंची चवड उरते.
हातोडा पडला की अणू
एकमेकांवरून सरकतात, पसरतात,
पण आतल्या दाण्याला कुणाचा धक्का लागत नाही.
"एक प्रोटॉन कमी झाला तर ते प्लॅटिनम.
एक वाढला तर पारा.
तुझ्या बाबांनी जन्मभर कुटलं
तरी एकोणऐंशीचे अठ्ठ्याहत्तर होणार नाहीत."

मी घरी आले, तळहातावर लिहिलं: ७९.
बाबांना वाटलं मी वर्ख मोजले.
"चुकलीस," म्हणाले, "आज एक्क्याऐंशी झाले. तीन फाटले."
मग सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं.
प्रोटॉन लिहिताना त्यांना गुदगुल्या झाल्या.

त्या रात्री लाल भात होता.
देवळाच्या छताचं काम मिळालं होतं त्यांना.
बाबांनी चॉपस्टिकने एक अझुकी वेगळी काढली,
मेजाच्या कडेला ठेवली,
आणि खिडकीतून बाहेर बघत
बराच वेळ मनात अंतर मोजलं.
"म्हणजे इलेक्ट्रॉन
थेट कामेदांच्या अंगणात?"
मी मान हलवली.
"त्यांना सांगितलंस का?"